सेंट्रल लॉकचा बाजारातला ॲक्चुएटर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या जुन्या हॅचबॅकचे डावीकडचे मागचे दार रिमोटला दाद देईनासे झाले, तेव्हा सर्व्हिस सेंटरने पूर्ण लॉक असेंब्ली बदलावी लागेल असे सांगून अंदाजपत्रक हातात ठेवले. दाराचे कव्हर उघडून पाहण्याचीही तसदी कोणी घेतली नव्हती, याचा राग रकमेपेक्षा अधिक होता. मी गाडी तशीच परत आणली, नाना पेठेतून दोन तारांचा साधा ॲक्चुएटर, म्हणजे रिमोट दाबल्यावर दाराचे कुलूप उघड-बंद करणारी छोटी मोटर, घेतला आणि फेब्रुवारीत तो घरीच बसवला. अंदाजपत्रकातल्या नुसत्या मजुरीत असे दोन-तीन आले असते.

निदान अवघड नव्हते. बाकीची दारे चालत होती, म्हणजे फ्यूज शाबूत होता. काचेजवळची खुंटी हाताने सहज वरखाली होत होती, म्हणजे लॅच (दार अडकवून धरणारा खटका) आणि त्याला खुंटीशी जोडणारा रॉड मोकळे होते. रिमोट दाबल्यावर आतून नुसती घरघर ऐकू येई आणि खुंटी जागची हलत नसे, यावरून मोटर फिरते आहे पण तिच्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते गेले आहेत, हे उघड झाले. (दार पूर्ण गप्प असते, तर आधी दार आणि खांब यांमधल्या रबरी नळीतल्या तारा तपासाव्या लागल्या असत्या, सततच्या उघडझापीने त्या तिथेच तुटतात.) आमच्या गाडीत मोटर लॅचपासून वेगळी आहे, म्हणून हे जमले. ज्या गाड्यांत ती लॅचच्या आतच असते, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही.

बसवण्याच्या कामात दोनच गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. दार उघडे ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवावा, रिमोटने लॉक-अनलॉक करून पाहावे आणि दार लावण्यापूर्वी हँडल ओढून लॅच पुन्हा मोकळा करावा. नाहीतर दार आपटून लॅचच बिघडेल. कव्हरमागचा प्लॅस्टिकचा कागदही जागच्या जागी चिकटवावा, कारण काचेच्या फटीतून दारात उतरणारे पाणी त्याच्यामुळेच आतल्या कव्हरपर्यंत पोहोचत नाही.

पहिले काही महिने मी या ॲक्चुएटरची भेटेल त्याच्याकडे स्तुती करत होतो. जुलैत मात्र दार पुन्हा हट्टाला पेटले आणि ‘स्वस्तातला माल तो स्वस्तातलाच’ असे म्हणत मी कव्हर पुन्हा उघडले. मोटर ठणठणीत होती. निसटला होता तो ॲक्चुएटरचा रॉड गाडीच्या रॉडला जोडणारा, सोबत मिळालेला चिमुकला क्लॅम्प. गोल, गुळगुळीत रॉडवर त्याचा स्क्रू टोकापुरताच टेकतो; त्यात सिंहगड रस्त्यावरच्या खड्ड्यांचे हादरे मिळाले की तो ढिला होतो, मग मोटर आपले काम करते, पण क्लॅम्प रॉडवरून नुसता घसरतो. एवढी दणकट मोटर बनवणाऱ्याने नखाएवढ्या धातूच्या तुकड्यात काटकसर करावी, हे मला आजही पटत नाही. सगळ्या वस्तूला पाचपैकी चार गुण देईन, क्लॅम्पला शून्य.

उपाय मात्र नाममात्र खर्चात झाला. तापकीर गल्लीतून वायरी जोडण्याची कनेक्टर पट्टी आणली, तिच्यातला दोन स्क्रूंचा पितळी तुकडा काढला, रॉडवर स्क्रू टेकतो तिथे कानशीने सपाट जागा केली आणि स्क्रू आवळून त्यांवर घरातल्या नेलपॉलिशचा थेंब सोडला. त्यानंतर उरलेला पावसाळा आणि दिवाळीचा प्रवास दाराने विनातक्रार काढला. आवाज मूळ मोटरपेक्षा मोठा आहे. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो जरा खटकतो, पण त्यासाठी मी असेंब्लीचे पैसे मोजणार नाही.

आता उजवीकडचे मागचे दारही रेंगाळू लागले आहे. त्यासाठी हाच ॲक्चुएटर आणेन आणि त्याच्यासोबतचा क्लॅम्प दुकानदाराच्या काउंटरवरच ठेवून येईन.