ट्रॉली ओढताना तापणारी डिझेल पिकअप: वर्षभराच्या वापरानंतर

गाडीचे स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. आमचा धंदा जनरेटर भाड्याने द्यायचा. मागे दीड टनाची जनसेटची ट्रॉली लावून ठाण्यातून घोडबंदर, मुंब्रा बायपास, खारघर, तळोजा असं वर्षभर फिरणं झालं. ओढायला गाडी दमदार, सस्पेन्शन दणकट, अ‍ॅव्हरेजबद्दल तक्रार नाही. मला बोलायचंय ते टेम्परेचरच्या काट्याबद्दल.

हा काटा खरं सांगत नाही. इंजिन गरम झालं की तो मधोमध येऊन बसतो, तो तिथेच. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, 85 अंशांवर असो की 100 वर, काटा तसाच. चालकाला उगाच धास्ती बसू नये म्हणून हल्ली बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम असा बसवतात. रिकाम्या गाडीला चालून जातं. मागे लोड असताना मात्र काटा हलेपर्यंत हातात फारसा वेळ उरलेला नसतो.

नवरात्रात गायमुखच्या चढावर हेच झालं. पुढे मल्टिअ‍ॅक्सल ट्रेलर रांगत होता, आमची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आधी एसी गरम हवा फेकायला लागला. काटा मधोमधच. थोड्या वेळात तो सरळ लाल पट्ट्यात गेला आणि गाडीचा दम गेला. इंजिन तापलं की कॉम्प्युटर आधी एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, मग डिझेल कमी करतो. म्हणजे गाडीला सगळं कळत होतं, फक्त आम्हाला सांगत नव्हती. गरब्याची ऑर्डर होती. दुसरी गाडी मागवून ट्रॉली पोचवली, तिचं भाडं खिशातून गेलं.

रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी वॉल (व्हॉल्व्ह), काढून टाकायला सांगितलं. मी ठाम नकार दिला. वॉल काढली की सपाट रस्त्यावर इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त पितं, आणि चढावरचा मूळ रोग तसाच. मग सर्व्हिस सेंटर. त्यांनी रेडिएटर बदलला, 18 हजारांचं बिल लावलं. मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी पुन्हा तापली. आता म्हणे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग गेलं, हेड उतरवावं लागेल. मी विचारलं, तपासलं कशावरून? सकाळी थंड इंजिनाचे पाइप कडक लागतात का? कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का? कूलंटमध्ये धूर मिसळतोय का ते दाखवणारं निळं द्रव असतं, ते लावून बघितलं का? एकाचंही उत्तर नाही. माझ्या पैशावर अंदाज बांधत होते.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि गाडीला दोनच स्टार द्यायचे ठरवले होते. मत बदललं ते वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रींमुळे. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, “तापते कुठं, ते सांगा आधी.”

ठाणे-बेलापूर रोडवर ट्रॉली लावून सुसाट गेलो तर नाही. माजिवड्याला सिग्नलवर उभी राहिली तर नाही. रिकामी असेल तर गायमुखलाही नाही. फक्त लोड, चढ आणि कमी वेग एकत्र आले की तापते. मिस्त्री म्हणाले, “मग आधी फॅन क्लच.”

कारण सरळ आहे. वेगात गाडीला समोरून वारा मिळतो. सिग्नलवर इंजिनावर भार नसतो. चढावर भार पूर्ण आणि वारा नाही, तिथे सगळी मदार पंख्यावर. हा पंखा इंजिनाला क्लचने जोडलेला असतो, त्या क्लचमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. रेडिएटरमधून गरम हवा आली की पुढची स्प्रिंग वॉल उघडते, तेल आत भरतं आणि पंखा जोरात फिरतो. तेल गळालं की पंखा नुसता दिखाव्याला फिरत राहतो.

त्यांनी तापलेलं इंजिन बंद केलं, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवली आणि पातं बोटाने ढकललं. ते गरागरा फिरलं. ते जड लागायला हवं. क्लचच्या मधल्या भागावर तेलात चिकटलेली काळी धूळ होती, बोट फिरवलं तर बोट काळं. शिवाय एसीची पुढची जाळी (कंडेन्सर) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत मेट्रोच्या कामाची माती आणि किडे यांचा थर बसला होता. रेडिएटर नवा, पण हवा जायला वाटच नाही! पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने मारलं. जोरात मारलं तर पत्र्याच्या बारीक जाळ्या मुडपतात.

नवा क्लच बसवला. रेडिएटरची टोपीही बदलली, कारण तिच्या रबराला चीर होती. 1.1 बारची टोपी दाब धरते म्हणून पाणी 120 अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. टोपी ढिली तर ते आधीच बाहेर फेकतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. सगळं मिळून खर्च सर्व्हिस सेंटरच्या बिलाच्या निम्म्याहूनही कमी.

आता चढावर पंखा असा गर्जतो की केबिनमध्ये मोठ्याने बोलावं लागतं, आणि मला तो आवाज मनापासून आवडतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावलाय, फोनवर खरा आकडा दिसतो. सपाटीला 88, गायमुखला 98 पर्यंत चढतो, पंखा लागला की पुन्हा 92. काटा तोच, मधोमध. हजाराच्या आतल्या डबीला जे दाखवता येतं ते कंपनीने डॅशबोर्डवर द्यायलाच हवं. माल ओढणाऱ्या गाडीत तर नक्कीच. एक स्टार मी फक्त त्यासाठी कापतोय, बाकी चार देतो.

सर्व्हिस सेंटरशी भांडण अजून चालू आहे. जुना रेडिएटर परत मागितला तर म्हणतात स्क्रॅपला गेला. लेखी तक्रार दिली आहे: एकतर पार्ट द्या, नाहीतर बिलातून रक्कम वजा करा. तुम्ही गाडी टाकाल तेव्हा जॉब कार्डवर ‘जुने पार्ट परत’ असं लिहून घ्या, मगच सही करा.