ट्रॉमानंतर कुठली थेरपी घ्यावी: सीपीटी, पीई, ईएमडीआर की साधं काउन्सेलिंग?

कसारा घाटात आमच्या गाडीला अपघात झाला त्याला आता चार वर्षं होतील. नाशिकला लग्न होतं, ते आटपून रात्री कल्याणला निघालो, मी चालवत होते, शेजारी दादा म्हणजे माझा मावसभाऊ, आणि मागे डावीकडे मावशी झोपलेली. मागून ब्रेक फेल झालेला कंटेनर आला. दादा आणि मी वाचलो, मावशी गेली. हे आधी सांगतेय कारण एकाच गाडीतल्या आम्हा दोघांना पुढे दोन वेगवेगळ्या थेरपी लागल्या आणि दोघांनाही आपापली लागू पडली, आणि मला वाटतं की निवडणाऱ्याला यातच बरंच उत्तर मिळेल.

मी कुठे अडकले होते ते आधी सांगते. मावशी म्हणत होती "सकाळी निघू गं, एवढी काय घाई", आणि मीच हट्ट केला की उद्या ऑफिस आहे, आत्ताच निघायचं. झालं. त्या एका वाक्यावर माझी सुई दीड वर्ष अडकली, मी हट्ट केला म्हणून मावशी गेली. दादाचं तसं नव्हतं, तो मला कधीच काही बोलला नाही आणि स्वतःलाही दोष देत नव्हता, पण ट्रकचा हॉर्न ऐकला की त्याला घाम फुटायचा, गाडीत पुढच्या सीटवर बसणं सुटलं, मग गाडीतच बसणं सुटलं, डोंबिवलीला जायचं तरी लोकलच, आणि रात्री दोनला उठून गॅलरीत उभा. म्हणजे मी विचारात अडकले होते आणि तो भीतीत.

सुरुवातीला मी साध्या काउन्सेलिंगला गेले, सहा महिने. बाई प्रेमळ होत्या, दर आठवड्याला "कसा गेला आठवडा" विचारायच्या, मी रडायचे, त्या ऐकायच्या, बाहेर पडताना हलकं वाटायचं आणि बुधवारपर्यंत परत तेच. घाटाचा विषय काढला की "आत्ता नको त्रास करून घेऊस" म्हणायच्या, आणि मलाही ते सोयीचंच होतं ना. मी काउन्सेलिंगला वाईट म्हणत नाहीये, घरात ऐकणारं कोणी नसेल तर तेवढ्यानेही माणूस तगतो, पण घटना होऊन महिना उलटून गेलाय आणि तरी वाईट स्वप्नं, दचकणं, टाळणं, स्वतःला कोसणं हे सगळं चालूच आहे, डॉक्टरांनी पीटीएसडी म्हटलंय, म्हणजे भयंकर घटनेनंतर मागे राहिलेला मानसिक आजार, तर नुसत्या गप्पांवर महिनोन्‌महिने घालवू नका. त्यासाठी ट्रॉमावरच काम करणाऱ्या पद्धती आहेत.

माझी होती सीपीटी, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया रेसिक यांनी ती ऐंशीच्या दशकात बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी तयार केली, नंतर सैनिकांसाठी आणि इतरांसाठीही वापरायला लागले. साधारण बारा सेशन, प्रत्येक तासाभराचं. सुरुवातीलाच गृहपाठ, एक पान लिहून आणायचं. त्यात अपघात कसा झाला ते लिहायचं नाही, तो का झाला असं तुम्हाला वाटतं आणि त्यानंतर स्वतःबद्दल, लोकांबद्दल, जगाबद्दल तुमचं मत काय झालं ते लिहायचं. माझ्या पानावर पहिलंच वाक्य होतं "माझ्या हट्टामुळे." माझ्या थेरपिस्ट मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि काहीच बोलल्या नाहीत.

अपघातानंतर अख्ख्या खानदानाने मला सांगितलं होतं, तुझी काही चूक नाही. एकदाही आत गेलं नाही ते. मॅडमनी हे वाक्य बाराच्या बारा सेशनमध्ये एकदाही उच्चारलं नाही, त्या फक्त विचारायच्या. एक दिवस हे झालं, मला शब्दन्‌शब्द आठवतंय:

"निघताना घड्याळात किती वाजले होते?"
"साडेनऊ."
"कंटेनरचे ब्रेक गेलेत हे तुम्हाला कधी कळलं?"
"धडकल्यावर. म्हणजे नंतर, पोलिसांनी सांगितलं तेव्हा."
"मग साडेनऊ वाजता तुम्हाला काय माहीत होतं?"

मी बराच वेळ गप्प. साडेनऊ वाजता मला माहीत होतं की उद्या ऑफिस आहे, रस्ता ओळखीचा आहे, गाडीची सर्व्हिसिंग झालीय आणि मला झोप आलेली नाहीये. बस एवढंच. मी दीड वर्ष त्या साडेनऊच्या मुलीला साडेअकराला कळलेल्या गोष्टीसाठी शिक्षा देत होते. ते कळलं त्या दिवशी मी खूप रडले, पण ते रडणं वेगळं होतं, त्यात पहिल्यांदा मावशी होती, तोवर नुसती मीच असायचे.

आता यात काही लोकांना वाटतं की म्हणजे मनाची समजूत घालणं, जे झालं त्याला गोड नाव देणं. तसं नाही हो. मॅडमनी एकदा स्पष्ट विचारलं, दारू प्यायला होतात का, मोबाईल हातात होता का, वेग किती होता. उत्तर वेगळं असतं तर काम वेगळं झालं असतं, कारण तिथे दोष, जबाबदारी आणि आधी कळणं शक्यच नव्हतं अशी गोष्ट, या तिन्ही वेगवेगळ्या करून बघतात. खरी चूक असेल तर ती पुसत नाहीत, तिचं माप ठरवतात. मग पुढच्या सेशनमध्ये पाच विषय येतात, सुरक्षितता, विश्वास, ताबा, स्वतःची किंमत आणि जवळीक, आणि तिथे मला कळलं की "माझ्या हातात कोणीच सुरक्षित नाही" हा विचार मी भाचीला कडेवर घेतानाही वागवत होते. प्रत्येक विचारासाठी कागद भरायचा, पुरावा काय, ही वस्तुस्थिती की सवय, एकाच तुकड्याकडे बघतेयस का, असे प्रश्न. कागद कंटाळवाणे आहेत, खरं सांगते, पण तेच औषध आहे, जो आठवडा मी भरले नाहीत त्या आठवड्यात काही हललं नाही. लिहिता न येणाऱ्यांचं काय असं कोणी विचारेल, तर काँगोमध्ये गावातल्या बायकांच्या गटांसाठी हीच थेरपी तोंडी करून वापरली होती आणि तिचा चांगला उपयोग झाल्याचं 2013 मध्ये छापून आलंय.

दादाने केली पीई, प्रोलाँग्ड एक्सपोजर, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एडना फोआ यांची. आठ ते पंधरा सेशन, दीड दीड तासाचं. इथे उलटं असतं, घटना सांगायचीच, डोळे मिटून, आत्ता घडतेय असं वर्तमानकाळात, परत परत, त्याचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं आणि ते रोज घरी ऐकायचं. शिवाय टाळत असलेल्या गोष्टींची यादी, शंभरपैकी किती भीती ते आकडे टाकून. दादाची यादी फ्रिजवर चिकटवलेली होती, बंद गाडीत पुढच्या सीटवर बसणं 30, सोसायटीत एक चक्कर 45, हायवेला शहापूरपर्यंत 65, दिवसा घाट 85, रात्री घाट 100. खालून वर चढत जायचं आणि भीती उतरेपर्यंत तिथून उठायचं नाही. पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं तो बंद गाडीत बसून होता आणि मी लिफ्टपाशी उभी राहून नुसती त्याच्याकडे बघत होते.

यात विचार बदलतात का? बदलतात, पण कोणी वाद घालून नाही. दादाला वाटायचं की एकदा आठवायला लागलो तर थांबताच येणार नाही, वेड लागेल. पाच वेळा आठवलं आणि वेड लागलं नाही, मग तो विचार आपोआप पडला. आणि अजून एक. तो कायम म्हणायचा मी नुसता बघत राहिलो. चौथ्यांदा सांगताना त्याच्याच तोंडून निघालं की तो खिडकीतून बाहेर पडला, शर्ट काढून हलवत रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन गाड्या थांबवल्या. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, पण आठवण दरवेळी तो आवाज आला की तिथेच तुटायची, पुढचं सांगायची वेळच कधी आली नव्हती.

दोन्हींत चांगली कोणती, तर संशोधन म्हणतं जवळपास सारख्या. 2002 मध्ये बलात्कारातून वाचलेल्या 171 स्त्रियांवरचा अभ्यास छापून आला, त्यात दोन्हींचा फायदा साधारण सारखा निघाला, फक्त अपराधीपणा कमी होण्यात सीपीटी थोडी पुढे होती. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 916 माजी सैनिकांवरच्या मोठ्या अभ्यासात पीई किंचित पुढे दिसली, पण तो फरक प्रत्यक्षात जाणवण्याएवढा नव्हता. आणि त्यातला एक आकडा माहीत असू द्या, पीई 55.8 टक्के लोकांनी अर्धवट सोडली आणि सीपीटी 46.6 टक्के. म्हणजे जवळपास निम्मे. हे घाबरवायला नाही सांगत, तिसऱ्या चौथ्या आठवड्यात पळून जावंसं वाटलं तर ते तुम्हालाच वाटतंय असं समजू नका म्हणून सांगतेय, मी स्वतः दोन वेळा "ताप आलाय" असा खोटा मेसेज केला होता.

ईएमडीआर, म्हणजे आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग, आम्हा दोघांपैकी कोणी घेतली नाही, माझ्या एका जवळच्या मैत्रिणीने घेतली. तिच्याबरोबर लहानपणी जे झालं ते तिला कोणापुढे शब्दांत सांगायचं नव्हतं, थेरपिस्टपुढेही नाही, आणि इथे ते पूर्ण सांगावं लागत नाही हा तिला मोठा आधार वाटला. फ्रान्सिन शापिरो यांना 1987 मध्ये ही कल्पना सुचली. त्रासदायक चित्र मनात धरायचं, त्याला चिकटलेलं वाक्य धरायचं, म्हणजे "मी घाणेरडी आहे" असं काही, आणि थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे फिरवायचे किंवा आळीपाळीने टॅपिंग. त्याजागी जे वाक्य खरं वाटायला हवंय ते किती पटतं याला एक ते सात असे मार्क द्यायचे. गृहपाठ नाही, वाद नाही. डोळे फिरवण्याने नेमका किती फरक पडतो यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण एकूण पद्धतीचा उपयोग होतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शनात ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या थेरपींचं घराणं, सीपीटी आणि पीई त्यातल्याच) आणि ईएमडीआर दोन्ही सुचवल्यात. माझ्यासारख्या डोक्यात सतत खटला चालवणाऱ्या बाईला सीपीटीच बरी, पण ज्याच्याकडे शब्दच नाहीत किंवा ज्याला घरी कागद लपवायला जागा नाही त्याने ईएमडीआरचा विचार जरूर करावा. हे कागद लपवण्याचं छोटं वाटेल, पण एकत्र कुटुंबात तो खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे विवेकनिष्ठ थेरपी, म्हणजे आरईबीटी, पण खूप जण सुचवतात, ती मराठीत शिकवणारे कि. मो. फडके आणि ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था यांच्यामुळे मराठीत ती चांगली रुजलीय. मूळ अल्बर्ट एलिस यांची. तिचं मर्म मला एका अक्षरात सापडतं, "च". मी चुकायलाच नको होतं, लोकांनी नीट वागायलाच हवं. तो च सैल केला की भावना सैल होते. रोजची चिंता, राग, परीक्षेचं टेन्शन, नात्यातली कुरकुर यासाठी मी डोळे झाकून सांगेन, पण रात्री दोनला घाम फुटून उठणाऱ्याला आधी ट्रॉमाचीच थेरपी द्यावी असं माझं मत आहे, तिच्या बाजूने पुरावा जास्त आहे.

गोळ्यांचं थोडक्यात, सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन या गोळ्या अमेरिकेत पीटीएसडीसाठी मान्य आहेत आणि झोप, जेवणच गेलं असेल तर थेरपीबरोबर मदत होते, दादाने घेतल्या. पण मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका, आणि चालू असतील त्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका, सायकॅट्रिस्टलाच विचारा. घटना होऊन आठवडाच झाला असेल तर त्या माणसाला बसवून "सगळं बोलून टाक" असा आग्रहही करू नका, त्याचा उपयोग होत नाही, त्याला जेवायला घाला, झोपू द्या, बरोबर राहा. मारणारा माणूस अजून घरातच असेल तर आधी सुरक्षित जागा, आठवणींवरचं काम नंतर. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटत असेल तर थेरपिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका, टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

फी मी सेशनला पंधराशे देत होते, म्हणजे बारा सेशनचे अठरा हजार. इन्शुरन्सवर फार विसंबू नका, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे खरं, पण पॉलिसीत ओपीडी नसेल तर अशा तासाचं बिल सहसा निघत नाही. फोनवर पहिल्यांदा बोलाल तेव्हा सरळ विचारा की तुम्ही ट्रॉमासाठी नेमकी कुठली पद्धत वापरता, तिचं ट्रेनिंग घेतलंय का, साधारण किती सेशन लागतील, आणि फरक पडतोय की नाही ते कसं मोजता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर असतो, तोही मागा, त्यात संकोच नको. "बघू, तुम्ही या तर आधी" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. मी शोधत होते तेव्हा मला ईएमडीआरवाले जास्त सापडले आणि सीपीटीवाल्या मॅडम पुण्यात, त्यामुळे निम्मी सेशन व्हिडिओ कॉलवर केली, कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, काही बिघडलं नाही.

तरीही ठरत नसेल तर एका कागदावर हे वाक्य पूर्ण करून बघा: "ते झालं कारण..." पुढे स्वतःचं नाव भराभर आलं तर सीपीटी विचारा. पुढे काही सुचत नाहीये, पण रस्ता, वास, आवाज, गर्दी टाळून टाळून जगणं आखडत चाललंय, तर पीई. पेनच उचलवत नसेल तर ईएमडीआर. आणि यातली कुठलीही मावशीची आठवण कमी करत नाही हेही माहीत असू द्या, दादा आणि मी आता दर दिवाळीला गाडीने नाशिकला जातो, दिवसा, तो पुढे बसतो, आणि घाट आला की दोघंही जरा गप्प होतो.