डाळिंबाचे डाग मोजताना: एक्सेल की आर?

सोलापुरात डाळिंबावर एमएस्सीचा प्रोजेक्ट म्हटलं की तेल्या (तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) आलाच. पानांवरचे डाग मोजायचे, आकडे एक्सेलमध्ये टाकायचे. आकडे टाकायला एक्सेलसारखं सोपं काही नाही, मान्य. पण सहा महिन्यांनी सरांनी विचारलं, "ही सरासरी नेमकी कुठल्या झाडांची?" मी कधीतरी फिल्टर लावून चार ओळी उडवल्या होत्या. कुठल्या, ते त्या माऊसलाच ठाऊक.

आर ही आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा. तिच्यात कोणती झाडं वगळली ते कोडमध्येच राहतं, शेजारी हॅश (#) टाकून कारणही लिहिता येतं. मूळ फाइलला हात लागत नाही. कोड पुन्हा चालवला की तोच आलेख. (पॅकेजची, म्हणजे आरला जोडलेल्या तयार कोडसंचाची, आवृत्ती मात्र टिपून ठेवा, नाहीतर अपडेटनंतर 'तोच' वेगळा निघू शकतो.)

एक्सेलची आणखी एक खोड: 'सेप्ट२' हे जनुकाचं चिन्ह इंग्रजीत टाइप केलं की त्याची २ सप्टेंबर ही तारीख होते. शेवटी जनुकांचीच चिन्हं बदलावी लागली. २०२० च्या नामकरण नियमावलीत ते 'सेप्टिन२' आहे!

आर पहिले पंधरा दिवस रडवतं. एक स्वल्पविराम राहिला की लाल अक्षरं. तरी एक्सेल आता मी आकडे भरण्यापुरतंच ठेवलंय, आणि फाइल सीएसव्हीत (स्वल्पविरामाने आकडे वेगळे ठेवणारी साधी मजकूर फाइल) सेव्ह करते.