वापरलेली टायकान, ७१८ की ९११? युरोपातल्या विक्रीच्या आकड्यांवरून गाडी निवडताना

श्टुटगार्टच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत कामाला असलेली पुण्याकडची मंडळी गल्लोगल्ली भेटतात. घराचे हप्ते मार्गी लागतात, मुलं शाळेत रुळतात, आणि मग गप्पांत एक प्रश्न हमखास येतो: लहानपणापासून मनात असलेली स्पोर्ट्स कार आता घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती? गेल्या वर्षभरात मला तिघांनी हे विचारलं. तिघांच्याही यादीत पोर्शेच्या त्याच तीन गाड्या होत्या. दोन-तीन वर्षं वापरलेली विजेवरची टायकान, पेट्रोलची सहा सिलिंडरची ७१८, नाहीतर थोडी ओढाताण करून ९११, तीही पेट्रोलची.

तिघांनीही विक्रीचे आकडे पाहिले होते आणि तिघांचा हिशोब एकच होता. जिची विक्री वाढतेय ती घ्यावी, जिची पडतेय तिच्या वाटेला जाऊ नये. मला हा हिशोब पटत नाही. साध्या गाड्यांच्या बाजारात तो काही अंशी चालतो. आलिशान आणि स्पोर्ट्स गाड्यांच्या बाजारात मात्र आकडा कशामुळे हलला हे कळल्याशिवाय त्याच्यावर पैसे लावू नयेत.

फेरारीचंच बघा. कंपनीने २०२२ मध्ये जगभरात १३,२२१ गाड्या दिल्या, २०२३ मध्ये १३,६६३ आणि २०२४ मध्ये १३,७५२. वाढ जवळपास थांबलेली दिसते, पण तिचा मागणीशी काही संबंध नाही. किती गाड्या बनवायच्या हे मारानेल्लोच्या मुख्यालयात आधी ठरतं आणि गिऱ्हाईक रांगेत थांबतं. पुरोसांग्वे ही चार दारांची गाडी आली तेव्हासुद्धा तिचा वाटा एकूण उत्पादनाच्या वीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं कंपनीने जाहीर केलं होतं. लॅम्बोर्गिनीने २०२४ मध्ये १०,६८७ गाड्या विकल्या आणि विक्रमाच्या बातम्या झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त उरुस होत्या, म्हणजे उंच एसयूव्ही. त्या विक्रमावरून स्पोर्ट्स कारला बरे दिवस आले असं म्हणता येत नाही. उलट बेंटलीची विक्री २०२२ मधल्या १५,१७४ वरून २०२४ मध्ये १०,६४३ वर आली, आणि ती घट खरोखरच मागणीची होती.

तुमच्या-माझ्या आवाक्याच्या जवळपास येणारी कंपनी पोर्शे. तिचे २०२४ चे आकडे शिकण्यासारखे आहेत. जगभरात ३,१०,७१८ गाड्या, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा तीन टक्के कमी. एवढंच वाचलं तर वाटतं, बाजार मंदावला. पण चीनमधली विक्री २८ टक्क्यांनी कोसळली होती, तर जर्मनीत ती ११ टक्क्यांनी वाढून ३५,८५८ झाली आणि उरलेल्या युरोपात ८ टक्क्यांनी वाढून ७५,८९९. आता आपल्या तीन गाड्या घ्या. ९११ जगभरात ५०,९४१, किंचित वाढ. ७१८ ची संख्या २३,६७०, पंधरा टक्के वाढ. टायकान २०,८३६, म्हणजे आदल्या वर्षीच्या ४०,६२९ च्या जवळजवळ निम्म्यावर.

७१८ पासून सुरुवात करतो, कारण तिच्या आकड्याने सर्वात जास्त लोक फसतात. २०२५ मध्ये तिची विक्री घसरली. कुणी म्हणेल, लोकांचं मन उडालं. पण ती युरोपीय संघात नवी मिळेनाशीच झाली होती. वाहनांच्या सायबर सुरक्षेचा नियम जुलै २०२४ पासून संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला लागू झाला. ७१८ ची इलेक्ट्रॉनिक रचना त्या नियमाच्या आधीच्या पिढीतली. ती बदलायचा खर्च निवृत्तीला आलेल्या मॉडेलवर कोण करणार? म्हणून मोजके अपवाद सोडता कंपनीने तिला इथल्या बाजारातून काढून घेतलं. मकान या पोर्शेच्या एसयूव्हीच्या पेट्रोल आवृत्तीचंही तेच झालं. २०२५ मध्ये युरोपातली पोर्शेची विक्री घटली तेव्हा कंपनीने दिलेल्या कारणांत हे एक होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ७१८ चं उत्पादनही थांबलं.

म्हणजे गाडी लोकांनी नाकारली नाही, नियमाने बाजूला केली. अशा गाडीचा वापरलेला भाव सहसा टिकतो, कारण हवी असणारे तेवढेच राहतात आणि नवी येत नाही. त्यात तिच्या पंगतीतल्या बाकीच्याही उठल्या. ऑडी टीटी पंचवीस वर्षांत ६,६२,७६२ गाड्या बनवून नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. ऑडीचीच आर८ आणि जॅग्वारची एफ-टाइप २०२४ मध्ये गेल्या. टोयोटाची जीआर८६ नव्या सुरक्षा नियमांमुळे युरोपात फार थोडा काळ टिकली. दोन माणसांची, हलकी, पेट्रोलची गाडी ज्याला हवी आहे त्याला आता वापरलेल्यांतच शोधावी लागते.

तरी एक सावधगिरी. ७१८ चे भाव कायम चढतच राहतील असं कुणी विक्रेता सांगत असेल तर मान डोलवू नका. तिची वारसदार फक्त विजेवर येणार असं आधी ठरलं होतं. २०२५ मध्ये कंपनीने धोरण बदललं आणि वरच्या आवृत्त्या पेट्रोलवरही आणणार असल्याचं जाहीर केलं. त्या आल्या की आजच्या गाड्यांभोवतीची ‘शेवटची पेट्रोल’ ही हवा थोडी ओसरेल. म्हणून घ्यायची तर चालवण्याच्या आनंदासाठी घ्या, गुंतवणूक म्हणून नको. आणि घेतलीत तर चार सिलिंडरची नको, जीटीएस ४.० शोधा. चार लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ४०० अश्वशक्ती, पाठीमागून येणारा तो भरीव आवाज. मी माझ्या एका स्नेह्याबरोबर अशी एक गाडी श्वेबिश आल्बच्या वळणांवर चालवली आहे. घाटात दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना दोघंही बोलायचे थांबलो होतो.

टायकानची गोष्ट बरोबर उलटी. तिला कोणत्या नियमाने अडवलं नाही, तिची मागणीच उतरली. २०२४ मध्ये नवी आवृत्ती येत असल्यामुळे थोडा खोळंबा झाला हे खरं, पण २०२५ मध्येही आकडा सुमारे १६,३०० वर आला. महाग विजेच्या गाड्यांकडे लोक कंपन्यांच्या अपेक्षेइतक्या वेगाने वळले नाहीत, त्याचा फटका तिला सर्वात जोरात बसला. जर्मनीत तीन-चार वर्षांची टायकान नव्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून खाली दिसते.

पहिल्या मालकासाठी ही वाईट बातमी. पण तुम्ही दुसरे मालक होणार आहात! पडायचा तो भाव आधीच पडला आहे, आणि पडलेला पैसा तुमचा नाही. गाडी तीच राहिली, ८०० व्होल्टची, बसल्या जागी पाठ सीटला चिकटवणारी. तिघांपैकी ज्याच्या घरी स्वतःचं गॅरेज आणि चार्जर होता आणि ज्याला गाडी रोज कामाला न्यायची होती, त्याला मी बेधडक टायकान सांगितली. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला मी ती कधीच सुचवणार नाही.

बघायला जाल तेव्हा बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी अहवाल मागा. पोर्शेची बॅटरीवरची हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, तेव्हा २०२१ च्या गाडीत किती शिल्लक राहिली ते मोजा. २०२४ मध्ये पुढच्या ब्रेकच्या नळ्यांसाठी जगभरातल्या तोवरच्या टायकान परत बोलावल्या होत्या. ते काम झालं आहे का, हे चॅसी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगतं. वापरलेल्या गाड्यांच्या एका विक्रेत्याने आम्हाला ‘सगळं झालंय’ असं तोंडी सांगितलं होतं. क्रमांक देऊन चौकशी केली तर दोन कामं बाकी निघाली. तेव्हापासून मी तोंडी शब्दावर पुढे जात नाही.

शक्य असेल तर २०२४ च्या सुधारित आवृत्तीवर थोडे जास्त पैसे घाला. तिची चार्जिंगची कमाल २७० वरून ३२० किलोवॅटवर गेली आणि पल्लाही बराच वाढला. म्युनिकला जाऊन-येऊन करताना हा फरक जाणवतो. आणि एक गोष्ट कंपनीच्या नावावर गाडी घेणाऱ्यांसाठी. जर्मनीत खासगी वापरावरचा कर गाडीच्या मूळ यादी-किमतीवर लागतो, वापरलेली स्वस्तात मिळाली तरी. विजेच्या गाडीला दर महिन्याला त्या किमतीच्या पाव किंवा अर्धा टक्का धरतात, पेट्रोलच्या गाडीला एक टक्का. जुलै २०२५ पासून घेतलेल्या गाड्यांना पाव टक्क्याची मर्यादा एक लाख युरो झाली. टायकानला अतिरिक्त सामान घालून पहिल्या मालकाने यादी-किंमत लाखाच्या वर नेली असेल, तर तो भुर्दंड तुमच्या पगारपत्रकात दिसेल.

राहिली ९११. तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्या आकड्यात कोडं नाही. वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास, २०२५ मध्ये ५१,५८३, म्हणजे एकूण पोर्शे विक्री दहा टक्क्यांनी घटली त्या वर्षीही वाढ. भाव मात्र सुसाट गेले. २०२४ मध्ये जर्मनीत साधी कॅरेरा १,२८,७०० युरोपासून सुरू झाली, तीही मनासारखं काही न निवडता. वापरलेलीही फार खाली येत नाही. जी गाडी घेतली, पाच वर्षं वापरली आणि विकली तरी कमी झोंबेल, ती हीच. मागच्या दोन छोट्या सीटांवर शाळकरी पोरं बसू शकतात, हे आपल्या लोकांच्या दृष्टीने लहान कारण नाही. पण ओढाताण करून घेऊ नका. टायर, ब्रेक, विमा हे सगळं सव्वा लाखाच्या गाडीच्या हिशोबाने येतं, मग तुम्ही ती सत्तर हजारांत घेतलेली असो.

हे सगळं जर्मनीत राहणाऱ्यांसाठी झालं. फ्रान्समध्ये असाल तर गणितच बदलतं. जर्मनीत पेट्रोलच्या ९११ चा वार्षिक वाहनकर पाचशे युरोंच्या आसपास पडतो. फ्रान्समध्ये नव्या गाडीच्या पहिल्या नोंदणीलाच कार्बनचा दंड भरावा लागतो, ज्याला ते ‘मालुस’ म्हणतात. त्याची कमाल २०२४ मध्ये ६०,००० युरो होती, २०२५ मध्ये ७०,००० झाली, आणि गाडीच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा जास्त दंड नाही ही जुनी सवलतही २०२४ पासून गेली. ९११ आणि ७१८ जीटीएस दोन्ही त्या कमाल पायरीवर बसतात. जर्मनीतून वापरलेली आणली तरी वयानुसार सूट मिळून दंड लागतोच. म्हणून स्ट्रासबूर्गला राहणाऱ्या तिसऱ्याला मी या तिन्ही सोडून अल्पिन ए११० बघायला सांगितली. दिएपच्या कारखान्यात बनलेली, जेमतेम ११०० किलोंची, १.८ लिटरची. हलकी असल्यामुळे कार्बन कमी, आणि तिथेच नोंदलेली वापरलेली घेतली तर दंड पहिल्या मालकाने भरलेला.

२०३५ पासून युरोपीय संघात पेट्रोलच्या नव्या गाड्या विकता येणार नाहीत, या नियमाचा धसका घेऊन काही लोक पेट्रोलची गाडी टाळतात. तो नियम नव्या गाड्यांच्या विक्रीचा आहे, रस्त्यावर असलेल्या गाड्यांना तो लागू होत नाही, आणि डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने तोही सैल करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. तुमच्या निर्णयात त्याला फार जागा देऊ नका.

७१८ किंवा ९११ ठरलीच, तर बघायला नोव्हेंबरात जा. इथे बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांच्या नंबरप्लेटच्या उजव्या टोकाला दोन छोटे आकडे एकावर एक असतात, वर ०४ आणि खाली १०. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने ती रस्त्यावर येऊ शकते, आणि कर-विमाही तेवढ्याच महिन्यांचा. ऑक्टोबर संपला की मालकाला ती गाडी पाच महिने नुसती झाकून ठेवायची असते, तेव्हा तो भावाचं बोलायला तयार होतो. फक्त गाडी चालवून बघण्यासाठी तात्पुरती नंबरप्लेट लागेल, ती सोय आधी करून घ्या. आणि मालकाला सांगून ठेवा की तुम्ही येण्याआधी त्याने इंजिन सुरू करू नये. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना पाठीमागे उभे राहा, धूर बघा, आवाज ऐका, मगच आत बसा.