स्टार ट्रेल: एकच लांब एक्स्पोजर की शे-सव्वाशे छोटी?

स्टार ट्रेल, म्हणजे फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघांचा फोटो काढायचाय. ट्रायपॉड आहे, वाइड लेन्स आहे, पावसाळा सरलाय, अमावस्याही जवळ आली. आता ठरवायचं एवढंच, की बल्ब मोडवर (हवं तेवढा वेळ शटर उघडं ठेवू देणारा मोड) शटर अर्धा तास उघडं ठेवायचं, की तीस-तीस सेकंदांचे फोटो पाठोपाठ काढून नंतर एकावर एक चढवायचे. ताऱ्यांच्या रेघा दोन्हींत येतात. पण गोव्याच्या आभाळाखाली दोन्हींची गत सारखी होत नाही.

आधी हिशेब. (एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं भोक; आकडा मोठा तसं भोक लहान. आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता.) ३० सेकंद, एफ/२.८ आणि आयएसओ ८०० वर आभाळ जेवढं उजळ येतं, तेवढंच ते ३० मिनिटांत हवं असेल तर एफ/८ आणि आयएसओ १०० पर्यंत खाली यावं लागतं. आभाळाचं जमलं. ताऱ्याचं काय? तो काही एका जागी थांबत नाही. ध्रुवाभोवती तासाला १५ अंशांनी फिरत असतो, त्यामुळे सेन्सरच्या एका ठिपक्यावर (पिक्सेलवर) त्याचा उजेड काही सेकंदच पडतो. शटर कितीही वेळ उघडं ठेवा, रेघ लांबते पण उजळत नाही. तिचा ठळकपणा ॲपर्चर आणि आयएसओवर ठरतो, आणि नेमकं तेच आपण आवळलेलं असतं. दोन्ही मिळून रेघ ६४ पट फिकी! मोठे तारे तेवढे उमटतात, बारीक सगळे बुडतात.

छोट्या फोटोंत हे होत नाही. स्टारस्टॅक्ससारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्यासाठी सगळ्या फोटोंतला सर्वांत उजळ तेवढा निवडतं. एका तासाचे १२० फोटो चढवले तरी आभाळ ३० सेकंदांइतकंच काळं राहतं, रेघा मात्र तासभराच्या. पणजी-मडगावचा उजेड क्षितिजावर चढलेला असताना हा फरक फार मोठा आहे. सहाराच्या वाळवंटात राहत असतो तर कदाचित मी इतका आग्रह धरला नसता.

दुसरी गोष्ट म्हणजे विघ्नं. दाबोळी होतंच, आता मोपाही आहे. विमानाची लुकलुकती माळ फ्रेममधून गेली नाही अशी रात्र विरळा. ढिगातल्या एका फोटोत ती आली तर तेवढीच पुसून टाकता येते. एकाच लांब फोटोत आली की कायमची. दवाचंही तेच. थंडीत किनाऱ्यावर मध्यरात्रीनंतर लेन्सची काच हळूच धुरकटते आणि काळोखात ते कळतही नाही. ढीग असेल तर धुरकट फोटो गाळून आधीचे ठेवायचे. कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच मान टाकते तेव्हाही तसंच. (यूएसबीवर चालणारा लेन्सचा गरम पट्टा मात्र दोन्हींना लागतो. तिथे काटकसर नको.)

आपल्याकडच्या उकाड्यात सेन्सर तापतो आणि लांब एक्स्पोजरवर लाल-निळे ठिपके उठतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन ते घालवतं, पण अर्ध्या तासाच्या फोटोनंतर आणखी अर्धा तास शटर बंद ठेवून दुसरी फ्रेम घेतं. छोट्या फोटोंच्या वेळी हा पर्याय आठवणीने बंद करा. नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तीस सेकंदांची खोट पडून रेघेची तुटक रेषा होते. दोन फोटोंमधली फट एका सेकंदापुरतीच हवी. लाल-निळ्या ठिपक्यांसाठी शेवटी लेन्सला टोपी लावून तशाच सेटिंगवर पाच-सहा फोटो घ्यायचे, म्हणजे सॉफ्टवेअरला ते ठिपके वजा करता येतात.

मग एकाच लांब फोटोच्या बाजूने काही नाहीच का? आहे. जमीन. छोट्या फोटोंत माड, खडक, होडी काळीठिक्कर येतात आणि ढीग चढवून ती उजळत नाहीत. त्यात चोर्ला घाटासारखा रस्ता जवळ असेल तर एकाच ट्रकचा प्रकाशझोत अख्खं झाड पांढरं करून जातो, कारण सॉफ्टवेअर उजळ तेच धरून ठेवतं. म्हणून जमिनीसाठी तीन-चार मिनिटांचा एक वेगळा फोटो घेऊन तो खाली जोडावा. चांदण्या रात्री तर जमीन आपोआप उजळते. लॅपटॉपचा कंटाळा असेल तर त्या रात्री आठ-दहा मिनिटांचं एकच एक्स्पोजर बरं. रेघा थोड्या आणि आखूड येतील, पण चित्र घरी जायच्या आत तयार.

फिल्म कॅमेरा असेल तर प्रश्नच मिटला, एकच लांब. आणि रात्रीचं आभाळ टिपणारे बरेचसे फोन आपणहून छोटे फोटो काढून जोडतात. त्यांनी त्यांचा पक्ष केव्हाच निवडलाय.

जागेप्रमाणेही निवड थोडी बदलते. गोवा साधारण १५ अक्षांशावर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर. ध्रुवाभोवती गोल फिरणारे कंस हवे असतील तर उत्तर मोकळी असलेला सत्तरीतला एखादा सडा बघा आणि तासभराचा ढीग घ्या. अर्ध्या तासात जेमतेम साडेसात अंशांचा कंस मिळतो. काणकोणच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला तोंड केलंत तर तारे जवळजवळ उभे, किंचित उजवीकडे झुकत समुद्रात उतरतात. तिथे अर्धा तास पुरतो. क्षितिजावर ट्रॉलरांचे दिवे असतातच. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ते नसतात, पण तेव्हा आभाळ कुठे असतं! गालजीबाग, आगोंदला कासवांच्या विणीच्या मोसमात मात्र टॉर्च आणि फ्लॅश नकोच. जमीन उजळवायचा बेत असेल तर दुसरा किनारा गाठा.