पावडर मेजर: दोष मशीनचा की आपल्या हाताचा?
रीलोडिंगसाठी, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्यासाठी, घेतलेला ड्रमवाला पावडर मेजर (फिरत्या ड्रमने बंदुकीची पावडर मोजून टाकणारं यंत्र) सहा महिने वापरतोय, कंपनीचं नाव नाही लिहित कारण सुरुवातीला जो त्रास झाला त्यात माझ्याच चुका जास्त होत्या. आधी प्रत्येक थ्रोचं (हँडल एकदा फिरवल्यावर पडणाऱ्या पावडरचं) वजन वेगळं यायचं, कधी ०.३ ग्रेन कमी कधी जास्त, आणि १ ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम म्हणून हे सोडून देऊ नका, कमाल लोडच्या (काडतुसात भरायच्या जास्तीत जास्त पावडरच्या) जवळ असाल तर एवढा फरकही धोक्याचा. मग कळलं नवीन ड्रमवर तेल होतं, पावडर चिकटत होती. ते पुसलं, हॉपरमध्ये (पावडरच्या वरच्या डब्यात) बॅफल (पावडरचा दाब सारखा ठेवणारी पट्टी) टाकला, पातळी अर्ध्याखाली जाऊ देत नाही, आणि हँडल रोज एकाच वेगात, वर-खाली दोन्हीकडे सारखाच टेकवतो. बॉल पावडर (गोल दाण्यांची) आता ०.१ ग्रेनच्या फरकात येते, मस्त! लांब काडीची पावडर मात्र ड्रमच्या कडेला अडकून कापली जाते, तिथे थोडं कमी टाकून ट्रिकलरनेच (दाणा-दाणा पावडर टाकणाऱ्या साधनाने) पूर्ण करा. आणि हो, वजनकाटा आधी चेक वेटने (नेमकं वजन माहीत असलेल्या वजनाने) तपासा, पंखा बंद ठेवा. ४ स्टार.