पडदा नसलेला लाइका एम-डी: निगेटिव्हची सवय इथे नडते

मागची बाजू पाहिली की हा डिजिटल कॅमेरा वाटतच नाही. जिथे पडदा असायला हवा, तिथे फक्त आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) गोल चकती, २०० ते ६४००. मेनू नाही, लाइव्ह व्ह्यू नाही, व्हिडिओ नाही, जेपेगही नाही. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर, डीएनजी (प्रक्रिया न केलेली कच्ची) फाइल आणि बॅटरीसह जवळपास ७०० ग्रॅम वजन. लाइका एम-डी (टाइप २६२) २०१६ साली आला, आणि पडदा असलेल्या एम २६२पेक्षा महाग होता. काढून टाकल्याचे जास्त पैसे, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा. पुढे २०१८चा एम१०-डी आणि २०२४चा एम११-डी आले, पण त्यांना फोनच्या अ‍ॅपवर फोटो दाखवता येतात. खरा अडाणी तो हाच.

फिल्मवाल्याला हाताळायला काही शिकावं लागत नाही. छिद्र (अ‍ॅपर्चर) लेन्सवर, शटरची चकती वर, फोकस मधल्या चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून. व्ह्यूफाइंडरमध्ये मॅन्युअल मोडला उजेड कमी-जास्त दाखवणारे लाल बाण आणि बरोबर झाल्यावर मधला ठिपका, ‘ए’वर (शटर कॅमेराच निवडतो) ठेवलं तर शटरचा आकडा. कार्ड आणि बॅटरी बदलायला खालची पट्टी काढावी लागते, अगदी रोल भरल्यासारखी.

गडबड होते ती एक्स्पोजरमध्ये. कृष्णधवल निगेटिव्हवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा हात सावलीकडे झुकलेला असतो: सावलीत तपशील आला पाहिजे, एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त गेला तरी निगेटिव्ह सांभाळून घेते. सेन्सर सांभाळत नाही. उजेडाचा भाग एकदा जळला की फाइलमध्ये तिथे काहीच उरत नाही, आणि इथे हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) नसल्यामुळे ते घरी पोचल्यावर कळतं. म्हणून या कॅमेऱ्यात जास्त उजेड मुळीच न सोसणारी स्लाइड फिल्म भरली आहे असं समजून चालावं. सकाळी इंदूरच्या राजवाड्यासमोर पोह्याच्या गाडीवर पांढऱ्या सदऱ्यातला माणूस उभा आहे आणि मागे सावलीत दगडी कमान आहे, तर मोजमाप सदऱ्यावर घ्यावं. मीटर मध्यभागाला झुकतं माप देणारा आहे, त्यामुळे सदरा चौकटीच्या मध्यात मोठा येईल इतकं जवळ जावं, ठिपका पेटवावा आणि मग छिद्र दीड स्टॉप उघडावं. सदरा पांढरा राहतो, शिवणही दिसते. कमान काळी आली तरी आयएसओ २००वर दोन स्टॉप सहज वर ओढता येते.

मे महिन्याच्या दुपारचं गणित वेगळं. शटर १/४००० पर्यंतच जातं. कडक उन्हात आयएसओ २००वर एफ/४ला साधारण १/३२०० लागतो, म्हणजे एफ/२वर काम करायचं तर एनडी४ (उजेड एक चतुर्थांशावर आणणारा) फिल्टर हवाच. ‘ए’ मोडवर विसंबून छिद्र उघडं ठेवलं तर सगळ्या फ्रेम पांढऱ्या पडतात.

रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मात्र आनंद आहे. गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईपाशी, भुट्ट्याच्या कीसाच्या तव्यावर एफ/२, १/६० आणि आयएसओ ८०० ते १६०० पुरतं. शटर याहून फार वेगवान करू नये. स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १/२५०वर चौकटीत आडवे काळे पट्टे उमटतात आणि पडद्याशिवाय त्याची खबर लागत नाही. हलते हात थोडे पुसट आले तर येऊ द्यावेत. रंगाचा घोळ नंतर डीएनजीत सुटतो. गर्दीत प्रत्येक वेळी फोकस जुळवत बसण्यापेक्षा ३५ मि.मी. लेन्स दिवसा एफ/८वर ३ मीटरला ठेवावी: साधारण १.९ ते ७.३ मीटर चालतं. हा फिल्मच्या निकषाचा हिशेब आहे. २४ मेगापिक्सेलवर मोठा प्रिंट काढायचा तर दोन्ही टोकं थोडी आत धरावीत. रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) हा कॅमेरा नेऊच नये. एम लेन्सना सील नसतं, आणि टँकरचं रंगीत पाणी फोकसच्या कड्यात शिरलं की लेन्स उघडावीच लागते.

जुन्या लेन्स लावणाऱ्यांसाठी एक अडचण. माउंटवर सहा ठिपक्यांचा ओळखीचा कोड नसलेली लेन्स कॅमेरा ओळखत नाही, आणि मेनूच नसल्यामुळे हातानं सांगताही येत नाही. ५० मि.मी.ला फरक पडत नाही. वाइड लेन्सच्या कडांचा रंग मात्र कॉम्प्युटरवर सुधारावा लागतो. रशियन ज्युपिटर-८ अ‍ॅडॉप्टरवर छान बसते, पण जवळच्या अंतरावर फोकस बहुधा सरकलेला मिळतो.

(एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला असताना, १८७४च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले. काचेवरचा रसायनाचा लेप ओला असतानाच फोटो काढण्याच्या त्या जमान्यात प्लेट तिथल्या तिथे धुवावी लागे, म्हणजे निकाल जागेवरच दिसे. न पाहता फोटो काढण्याची ‘परंपरा’ वाटते तितकी जुनी नाही.)

सेकंडहँड घेताना रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करणारी यंत्रणा) आधी तपासा. लेन्स अनंतावर टेकवून किमान अर्धा किलोमीटर लांबच्या टॉवरकडे बघा: दोन्ही प्रतिमा एक व्हायला हव्यात, आडव्या आणि उभ्याही. मग मोजपट्टी ४५ अंशात ठेवून एक मीटरवरून, छिद्र पूर्ण उघडून पाच फ्रेम काढा, दर वेळी फोकस मोडून नव्यानं जुळवा. पाचही एकाच बाजूला सरकल्या तर कॅमेरा किंवा लेन्स चुकते आहे. विखुरल्या तर डोळा. शेवटी एफ/१६वर कोऱ्या आभाळाची एक फ्रेम घ्या, सेन्सरवरची धूळ आणि डाग त्यात दिसतात. त्यासाठी लॅपटॉप सोबत न्यावाच लागेल. आणि झाकण काढलं आहे ना ते पाहा. व्ह्यूफाइंडरमधून झाकण दिसत नाही. भर उन्हात ‘ए’वर शटर काही सेकंदांचा दाखवायला लागला की ते लेन्सवरच आहे असं समजावं.